एसडी.केएफझेड. २२२ चं १/३५ मॉडेल, आफ्रिका कोअरवालं (उत्तर आफ्रिकेत लढलेली जर्मन फौज)

दुसऱ्या महायुद्धातली ही जर्मन चारचाकी चिलखती गाडी, २० मिमीची तोफ, आणि टरेट (तोफेचा फिरता बुरुज) वरून उघडं, फक्त ग्रेनेड आत पडू नये म्हणून तारेची जाळी. १/३५ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढं केलं की, मॉडेल जेमतेम १४ सेंटीमीटरचं होतं, टेबलावर मस्त मावतं.

टरेट उघडं असल्यामुळे आतलं सगळं दिसतं, म्हणून तोफ, सीट वगैरे आधी रंगवून घ्या आणि मगच बंद करा, नंतर ब्रश पोचतच नाही. चाकं लावली की ग्लू ओला असतानाच गाडी सपाट काचेवर ठेवा, चारही टेकली पाहिजेत. जाळी पितळेची असेल तर प्लास्टिक सिमेंट चालणार नाही, सुपर ग्ल्यूच लागतो, तोही टाचणीच्या टोकाने.

आता रंग, माझ्या मते खरी मजा इथेच. १९४१ ला लिबियात उतरलेल्या बऱ्याच गाड्या मूळच्या गडद करड्या होत्या, वाळूचा रंग त्यावर नंतर चढवला. म्हणून आधी करडा मारा, पूर्ण सुकू द्या, मग हेअरस्प्रेचे दोन हलके हात, तो सुकला की वर पातळ ॲक्रिलिक वाळूरंग. थोड्या वेळाने पाणी लावून मधला हेअरस्प्रे सैल करा आणि जुन्या ब्रशने कडा, दारं, हॅच (झाकणं) जिथे माणसांचे हातपाय लागायचे तिथेच घासा, खालचा करडा सुंदर उघडा पडतो. सगळीकडे नका घासू प्लीज, खोटं वाटतं. शेवटी चाकांवर आणि खालच्या भागावर फिकट पिगमेंटची (कोरड्या रंगपुडीची) धूळ.