रासायनिक बंध: पाठ केलेल्या वाक्यांतल्या या चुका टाळा

‘सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, क्लोरिनला तो हवा असतो, देवाणघेवाण झाली की बंध तयार.’ दहावीच्या पेपरात एवढ्यावर गुण मिळतात, म्हणून हे वाक्य अकरावीतही तसंच येतं. आकडे मांडले की ते लगेच लंगडं पडतं. वायुरूप सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (मोल म्हणजे कणांची एक ठरलेली मोठी संख्या) ४९६ किलोज्यूल लागतात. क्लोरिनने तो घेतला की ३४९ परत मिळतात. म्हणजे १४७ अंगावरच पडले! ही तूट भरून निघते ती धन आणि ऋण आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन प्रभारित झालेले अणू, एकमेकांना खेचून स्फटिकात बसतात तेव्हा. त्या रचनेत तब्बल ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. ही ओढ म्हणजे आयनिक बंध.

इथूनच पुढची चूक निघते: ‘मिठाचा रेणू’. आगरवाड्याच्या मिठागरातला जाडा खडा घ्या. त्यात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. मग यातली जोडी कुणाची कुणाशी लावणार? सूत्र फक्त एकास एक हे प्रमाण सांगतं. मिठागरातल्या पाण्यातही जोड्या तरंगत नसतात. आयन सुटे असतात, प्रत्येकाभोवती पाण्याचे रेणू. ऊन पाणी उडवतं तेव्हा ते एकत्र येऊन खडा धरतात.

पाणी उकळलं की त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो, असं लिहिणारेही भेटतात. काजूच्या भट्टीत खरंच तसं झालं असतं, तर खालच्या जाळाने हुर्राकाऐवजी (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) स्फोटच हाती आला असता. नळीतून जाते ती पाण्याची आणि अल्कोहोलची अख्ख्या रेणूंची वाफ. एक मोल पाण्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल पुरतात. त्यातले दोन्ही सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले) बंध तोडायला ९२० हून जास्त लागतात. सुटते ती रेणूरेणूंमधली पकड.

‘बंध तुटला की ऊर्जा मिळते’ हे तर हमखास. जीवशास्त्राच्या तासाला ऐकलेलं ‘बंधात साठवलेली ऊर्जा’ इथे घात करतं. बंध तोडायला ऊर्जा घालावीच लागते. सिलिंडरचा गॅस उष्णता देतो, कारण कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचे नवे बंध होताना मिळणारी ऊर्जा जुने तोडण्याच्या खर्चापेक्षा जास्त असते.

सूत्र लिहिताना संयुजांची (अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो त्या आकड्यांची) अदलाबदल करून थांबू नका. लहान प्रमाणात आणा, नाहीतर मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये उगाच दोन-दोन अणू येतात. मग प्रभारांची बेरीज शून्य येते का ते बघा. डिचोलीच्या खाणीतल्या हेमटाइटमध्ये, म्हणजे लोखंडाच्या खनिजात, लोखंडाचे दोन (+३ चे) आणि ऑक्सिजनचे तीन (−२ चे): सहा वजा सहा, जमलं.

आणि अष्टकाला, म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन हवेत या म्हणण्याला, नियम म्हणा, कायदा नको. त्याच हेमटाइटमधल्या लोखंडाच्या आयनाच्या बाहेरच्या कवचात १३ इलेक्ट्रॉन असतात.