बांधाचा वाद कोर्टात जायच्या आधी काय काय करता येतं

गावात दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालं की बहुतेक वेळा मागे बांध, वाट नाहीतर विहीर असते. बोलणी करायची तर रब्बी निघाल्यावर करा, रान मोकळं असतं, जुन्या खुणा दिसतात आणि डोकी पण शांत असतात. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरवाल्याने बांध हातभर कोरला की मग कोणी कोणाचं ऐकत नाही.

पहिल्या बोलणीला अख्खी भावकी नेऊ नका. दोन्ही घरं ज्याला मानतात असा एकच जाणता माणूस घ्या, त्याने आधी दोघांचं वेगवेगळं ऐकावं. चावडीवर तर नकोच, चार लोक ऐकत असले की माघार घेणं अवघड जातं. आणि किती फूट गेलं यावर यायच्या आधी नेमकं कधीपासून बिनसलं ते विचारा, कित्येकदा राग वाटणीचा नाहीतर लग्नातल्या मानपानाचा असतो आणि निघतो बांधावर.

मोजणी गुपचूप मागवू नका. भूमी अभिलेखची, म्हणजे सरकारी मोजणी खात्याची, नोटीस सरळ दारात आली की समोरच्याला वाटतं हा भांडायलाच निघालाय. आधी सांगा, जमलं तर खर्च अर्धा अर्धा करा, हद्द कायम मोजणी (जमिनीची हद्द ठरवून देणारी सरकारी मोजणी) घ्या आणि मोजणीदार खुणा दाखवेल त्याच दिवशी दोघांनी मिळून दगड रोवा, फोटो काढून ठेवा. घरी टेप लावून ७/१२ च्या क्षेत्राशी ताळा घालण्यात अर्थ नाही, ७/१२ वर क्षेत्र असतं, हद्द नकाशावर असते.

माझी जमीन तो कसतोय आणि त्याची मी, असं निदान १२ वर्षं चालू असेल तर शासनाने २०२३ मध्ये आणलेली सलोखा योजना बघा. तलाठी आणि मंडळ अधिकारी यांचा पंचनामा लागतो, अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १००० रुपये. मुदत चालू आहे का ते तेवढं दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदवतात ते कार्यालय) विचारून घ्या.

वाट अडवली असेल तर बोलणी करा पण तारीख विसरू नका!! चालू वहिवाट अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दावा करावा लागतो, गोडीगुलाबीत ही मुदत निघून जाते. वाट मुळात नाहीच आणि बांधावरून नवीन हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ बघा.

सामाईक विहिरीची पाळी वार ठरवून लावू नका, थ्री फेजची लाईट दिवसाची किती आणि रात्रीची किती ते धरून लावा, नाहीतर एकाच घराच्या वाट्याला कायम रात्रीचं पाणी येतं आणि तिथूनच ठिणगी पडते. मोटर दुरुस्तीचा खर्च कोणी किती द्यायचा तेही पाळी लिहाल त्याच कागदावर लिहा, दोन्ही घरच्या कर्त्या पोरांच्या सह्या घ्या.

केस आधीच चालू असेल तरी लोकअदालतीत तडजोड होते, भरलेली कोर्ट फी परत मिळते. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून सही करायच्या आधी गट नंबर आणि चतुःसीमा (चारी बाजूंच्या हद्दी) स्वतः वाचा, वकिलावर सोडू नका.