कोल्हापुरात जुनं घर घेऊन, नीट करून विकायचंय? पहिल्यांदा करताना असं करा

पेठेतलं जुनं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं, विकायचं. जमतं हे, पण नवीन माणूस सगळं डोकं टाइल्स आणि मॉड्युलर किचनमध्ये घालतो आणि बुडतो ते ओल आणि वारस या दोन गोष्टींत. म्हणून क्रम चुकवू नका.

आधी कागद. घर कितीही आवडू दे, टोकन द्यायचं नाही. सिटी सर्व्हे ऑफिसमधनं प्रॉपर्टी कार्ड काढा आणि त्यावर किती नावं आहेत ते मोजा. घर आजोबांच्या नावावर असेल तर चुलते, आत्या, त्यांची पोरं सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि "आत्या काय मागणार नाही ओ" या शब्दावर घर घ्यायचं नाही, हक्कसोडपत्र रजिस्टर झालेलं पाहिजे म्हणजे पाहिजे. वकिलाकडनं ३० वर्षांचा सर्च (घराच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा शोध) करून घ्या, घरफाळा, पाणीपट्टी थकलीय का बघा, आणि आत जुना भाडेकरू असेल तर सरळ दुसरं घर शोधा.

मग पूर. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी, २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. घरमालकाला नको, शेजारच्या मावशींना विचारा, "मावशी, २०१९ ला पाणी कुठवर आलतं?" त्या भिंतीला हात लावून दाखवतात. जागा निळ्या पूररेषेच्या (पूरक्षेत्र दाखवणारी सरकारी रेषा) आत असेल तर नवीन बांधकामाची परवानगी मिळेल हे डोक्यातनं काढून टाका.

आता घर तपासायचं. चांगला मिस्त्री आणि एक स्ट्रक्चरल इंजिनिअर दोघांनाही न्या, फी वाचवू नका. तुळई भिंतीत जिथं शिरते तिथं स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा, मधनं सागवान ठणठणीत असतं आणि नेमक्या टोकाला वाळवीनं भुसा केलेला असतो. भिंतीवर पांढरा खार फुटलाय का तेही बघा, ती ओलीची खूण. माझ्या पहिल्या घराला पुराचं पाणी लागलं होतं, मातीची भिंत नीट वाळायच्या आत मी वरनं सिमेंटचा गिलावा मारला, दिसायला एकदम गुळगुळीत झालं, आणि पुढच्या पावसाळ्यात गुडघाभर उंचीपर्यंतचा सगळा गिलावा फुगून हाताबरोबर निघाला. सिमेंट मातीची ओल बाहेर सोडत नाही. अशा भिंतीला चुन्याचा गिलावाच बरा, आणि आधी महिना-दोन महिने उघडी सोडून वाळवायची.

खर्चाचा हिशोब घर घ्यायच्या आधी. घराची किंमत, स्टॅम्प ड्युटी, नोंदणी फी (१ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार), दुरुस्ती, कर्ज असेल तर प्रत्येक महिन्याचं व्याज, आणि दुरुस्तीच्या अंदाजावर निदान २० टक्के जास्त धरायचे, कारण जुनं घर उकरल्याशिवाय कळत नाही. २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफ्यावर तुमच्या इन्कम टॅक्सच्या स्लॅबनं टॅक्स लागतो. धंदा म्हणून करणार असाल तर हिशोब वेगळा, सीएला आधीच विचारा.

काम दिवाळीनंतर लगेच सुरू करा. छप्पर पहिलं, मग ड्रेनेज आणि पाण्याची लाइन, मग वायरिंग, गिलावा, फरशी, रंग सगळ्यात शेवटी. आतला गिलावा, फरशी बदलायला सहसा परवानगीची भानगड नाही, पण भिंत पाडणार, मजला चढवणार तर महापालिकेची परवानगी आधी. कौलं उतरवलेली असताना जूनचा पाऊस आला तर सगळं आत येतं, म्हणून वैशाखाच्या आत छप्पर झालंच पाहिजे. अमावस्येला गवंडी येत नाहीत, यात्रेला गावी जातात, हे दिवस वेळापत्रकात आधीच धरा. पैसे झालेल्या कामाच्या मोजमापावर द्या, अॅडव्हान्स फक्त मटेरियलपुरता. सागवानी दारं, खांब भंगारात देऊ नका, घासून पॉलिश केलं की गिऱ्हाईक आधी त्यावरनंच हात फिरवतं.

आणि गिलावा मारायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, पाइप आणि वायर दिसली पाहिजे, शेजारी मोजायची टेप लावून. विकताना हे फोटो, बिलं, हक्कसोडपत्र सगळं एका फाइलमध्ये घालून गिऱ्हाइकासमोर ठेवा. माझं दुसरं घर बघायला आलेले एक रिटायर्ड मास्तर घरापेक्षा जास्त वेळ ती फाइल चाळत बसले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टोकन घेऊन आले.