राणीखेतची लस पाण्यातून देताना

राणीखेत म्हणजेच कोंबड्यांची मानमोडी. विषाणूचा रोग, त्यामुळे एकदा शेडमध्ये शिरला की त्यावर औषध नाही. सगळी भिस्त लसीवर. पहिली लस लासोटा (सौम्य जिवंत विषाणूची) ५ ते ७ दिवसांच्या पिल्लांना, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. पुढचा डोस बरेच जण पाण्यातून देतात आणि घोळ तिथेच होतो: क्लोरीनच्या पाण्यात जिवंत लस मरते. म्हणून क्लोरीन नसलेलं थंड पाणी घ्या, त्यात लिटरला २ ते ३ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा. कोंबड्यांना आधी तासभर पाणी देऊ नका, म्हणजे लसीचं पाणी दोन तासांत संपेल. भांडी त्या दिवशी जंतुनाशकाने धुऊ नका (हे हमखास विसरलं जातं). मेलेली कोंबडी उघड्यावर फेकू नका, चुना टाकून खोल पुरा.