खरिपाचा टोमॅटो: झाड लोळायच्या आधी तार-काठी उभी करा

मृग सरत आलाय, आर्द्राच्या तोंडावर जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले आणि तिकडं दिंडोरी-पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात टोमॅटोच्या लागणी जोरात चालू आहेत. सगळ्यांचं लक्ष आत्ता रोपावर आहे, ट्रे कधी येणार, मर लागली का, ड्रेंचिंग (रोपाच्या बुडाशी औषधाचं पाणी ओतणं) कधी करू, आणि काठी-तारेचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "बघू की, झाड गुडघ्याला येऊ दे मग." नेमका इथंच घोळ होतो मंडळी, कारण झाड गुडघ्याला येतं तेव्हा तरणा-म्हातारा (पुनर्वसू-पुष्याचा) पाऊस चालू असतो, रानात पाय ठेवता येत नाही, बांधणीला माणूस मिळत नाही, आणि ज्याच्याकडं बांबू आहे तो त्या आठवड्यात भाव सांगेल तो भाव.

तर आधी एक साधी आकडेमोड बघा. पाच फुटाची सरी धरली तर एकरात साधारण ८,७०० फूट ओळ बसते, आणि सव्वा फुटावर रोप लावलं तर सात हजाराच्या आसपास रोपं. १०० फुटाच्या एका ओळीत ८० झाडं. ऐन तोड्यात एका झाडावर एका वेळी चार किलो माल लटकलेला धरा, म्हणजे ओळीवर नुसत्या फळांचाच ३२० किलो भार, वर पाला, वर पावसाचं पाणी, वर वारं. हे सगळं कुणाच्या तरी जिवावर उभं राहणार ना? ते बहुतेक लोकांना वाटतं बांबूच्या जिवावर. बांबू फक्त खालून टेकू देतो. खरा ओढा पडतो ओळीच्या दोन टोकांच्या डांबांवर, म्हणजे जाड खांबांवर, आणि आपण काटकसर नेमकी तिथंच करतो, बांधावरची कसलीतरी वाकडी बाभळीची फांदी रोवायची आणि म्हणायचं झालं काम.

माझं स्पष्ट मत आहे, पैसे कमी असतील तर तारेचा पदर एक कमी करा, पण टोकाचा डांब आणि त्याची खुंटी ही दोन कामं पक्कीच करा.

डांब म्हणजे मनगटापेक्षा जाड लाकूड किंवा लोखंडी अँगल, आठ फुटी असेल तर दोन फूट जमिनीत. काळ्या रानात अजून खाली न्या कारण पाणी मुरलं की काळी माती डांब धरत नाही, रोज थोडा थोडा आत झुकतो आणि तार ढिली पडते. मुरमाड रानात पहारीनं घाम निघतो पण एकदा बसला की हलत नाही. खड्डा मातीनं नुसता भरू नका, दगड ठोकून घ्या. डांब सरळ उभा करायचा नाही, ओळीच्या बाहेरच्या बाजूला थोडा कललेला ठेवायचा, आणि त्याच्या बाहेर चार-पाच फुटावर जाड खुंटी ठोकून तारेनं डांबाला मागं खेचून बांधायचा. खुंटी डांबाच्या बुडाशी चिकटून ठोकली तर तिचा उपयोग शून्य, ती जितकी लांब तितका ताण चांगला मिळतो. हे अंतर सोडायला जागा नको म्हणून लोक लागणच बांधापर्यंत करतात, चार रोपं जास्त बसतात आणि खुंटीला जागाच उरत नाही. ओळ दीडशे फुटापेक्षा लांब असेल तर मधी एक जाड डांब द्याच.

आता तार. साधारण १६ गेजची तार वापरतात, तिचं वजन मीटरला १६ ग्रॅमच्या आसपास पडतं, म्हणजे एकराला एक पदर ओढायला ४२ किलो आणि तीन पदर ओढायचे तर सव्वाशे किलो. दुकानात जायच्या आधी हे गणित डोक्यात असलं की फसायला होत नाही. वरच्या पदराला जमलं तर १४ गेज, म्हणजे जरा जाड तार घ्या, खालचे दोन पदर सुतळीचे केले तरी भागतं, आणि भागात बहुतेक जण तसंच करतात. वरची तार साडेपाच फुटावर, मधली साडेतीन-चार, खालची दोन फुटाच्या आत.

आणि तार तंबोऱ्यासारखी ताणू नका. ऐकायला उलटं वाटतं पण बघा, दोन बांबूंमधलं अंतर दहा फूट आणि त्या टप्प्यात ३२ किलोचा भार सगळा एकट्या वरच्या तारेवर आला, तर तार सहा इंच झोळली असेल तेव्हा तिच्यातला ओढा ८० किलोच्या घरात राहतो, तीन इंचच झोळू दिली तर तोच ओढा १६० किलोवर जातो. साधी मऊ तार एवढं सोसत नाही, एकतर तुटते नाहीतर डांब उपटून आणते. थोडी झोळ राहू द्या, आणि भार तिन्ही पदरांवर वाटला जाईल असं बांधा. बांबू दहा फुटाऐवजी सात-आठ फुटावर लावले तर अजूनच बरं, ज्याचं वाण उंच वाढणारं आहे त्यानं तर लावावेतच.

बांबूबद्दल दोन शब्द. कोकणातला माणगा मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, कुडाळ-सावंतवाडीकडून येतो, जवळपास भरीव असतो, पोकळ बांबूपेक्षा जास्त हंगाम काढतो. सात फुटी काठी, दीड फूट जमिनीत. वरचं टोक पेराच्या लगेच वर कापलेलं असावं, नाहीतर पोकळीत पाणी साठून काठी वरून कुजत येते. खालचा दोन फूट भाग डांबराचा हात देऊन वाळवून घेतला तर वाळवी आणि कूज दोन्ही लांब राहतात. मागच्या वर्षीच्या काठ्या वापरणार असाल, आणि मागच्या वर्षी प्लॉट करप्यानं किंवा जिवाणूजन्य ठिपक्यांनी गेला असेल, तर त्या तशाच रोवू नका. चिकटलेला जुना वेल, सुतळीची गाठ, सगळं खरवडून काढा, धुवा, आणि कडक उन्हात आठवडाभर पसरा, आता ऊन नसेल तर ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवून काढा. जुन्या सुतळीचा तर मोह नकोच, ती जाळून टाका.

काठ्या रोवायची वेळ म्हणजे लागणीच्या आधी किंवा लागणीनंतर आठ-दहा दिवसांच्या आत. उशिरा रोवली की पहार मुळात घुसते, आणि मल्चिंग पेपरखाली ड्रीपची नळी नेमकी कुठं आहे ते दिसत नाही. म्हणून काठ्या रोवून झाल्या की ड्रीप चालू करून एकदा सगळ्या ओळी फिरून बघा, भोक पडलेलं असेल तर तिथं बेडच्या कडेनं पाणी फुटलेलं दिसतं, तेव्हाच जॉइनर टाका, पुढं झाडाच्या जंगलात शोधत बसायला लागतं.

ओळीची दिशा हा वादाचा विषय आहे, उन्हासाठी दक्षिणोत्तर चांगली हे खरं, पण खरिपात मी उताराला आणि पाण्याच्या निचऱ्याला आधी मान देईन. पाणी तुंबलेल्या सरीत दिशा कितीही बरोबर असली तरी मुळं मरतात. वाऱ्याचं मात्र एक ध्यानात घ्या. जून-जुलैत वारं पश्चिमेचं, सलग आणि झाड लहान, त्यामुळं काही बिघडत नाही. खरी परीक्षा उत्तरा-हस्तात, सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात, हत्तीचा पाऊस दुपारनंतर उठतो, बऱ्याचदा पूर्वेकडून, गडगडाट आणि झोडपणारं वारं, आणि नेमका तेव्हाच तुमचा प्लॉट फळांनी वाकलेला असतो कारण जूनअखेरच्या लागणीचा तोडा ऑगस्टच्या शेवटी चालू होऊन तेव्हा भरात आलेला असतो. म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्याचा विचार करून एकाच बाजूला ताण दिलेले प्लॉट तेव्हा उलटे झोपतात. कडेच्या दोन-दोन ओळींना दोन्ही बाजूंनी आडवे ताण द्या, एवढं केलं तरी पुष्कळ. प्लॉटभोवती मक्याच्या दोन दाट ओळी लागणीच्या आधीच टोकल्या तर वारंही अडतं आणि पांढरी माशी, मावा यांनाही थोडा अटकाव होतो. झेंडू लावायचा तर टोमॅटोच्या १६ ओळींमागं एक ओळ, आणि झेंडूचं रोप टोमॅटोपेक्षा पंधरा-वीस दिवसांनी मोठं असावं, तरच झेंडूची फुलं फळ पोखरणाऱ्या अळीच्या वेळेला तयार असतात आणि अळी तिकडं वळते.

पहिली बांधणी लागणीनंतर तीन आठवड्यांच्या सुमारास, झाड फूटभर झालं की. दोरा खोडाभोवती आवळून गाठ मारायची नाही, तार आणि खोड यांच्यामधी आठाचा आकडा होईल असा फेरा घ्यायचा, गाठ तारेकडं, आणि खोडाकडच्या फासात करंगळी सहज फिरली पाहिजे. फास पानाच्या देठाखाली अडकवा, फुलाच्या घोसाखाली नको, घोसाखाली अडकवला की पुढं फळांचं वजन आलं की घोसाचा देठच कापला जातो. तागाची सुतळी भिजली की आवळते, म्हणून आज कोरड्या हवेत बरोबर वाटणारी गाठ उद्याच्या पावसात खोडात रुतते, जरा सैलच बांधा. प्लॅस्टिकची सुतळी टिकते खरी पण बारीक असेल तर वाऱ्यात खोडाला करवतीगत घासते, घ्यायचीच तर चपटी आणि रुंद घ्या.

इथं मजुरीचा मुद्दा येतो. बांधणी उक्ती दिली की काम झपाट्यानं होतं, पण ओळीमागं पैसे असल्यामुळं गाठी पडतात करकचून, कारण सैल फास घ्यायला वेळ जातो. रोजानं दिलं तर दोन दिवस जास्त लागतील पण गाठ बरी पडेल. उक्तंच द्यायचं असेल तर पहिल्या ओळीला स्वतः बरोबर राहा, मावशी-ताईंना करंगळी घालून दाखवा, मग बाकीच्या ओळी त्या बरोबर करतात, हे काम त्यांच्या हाताला आपल्यापेक्षा जास्त बसलेलं असतं. त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी पुढची बांधणी, वाढीचा जोर असला तर आठवड्यालाच.

बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारी फूट, काढायची ती दोन-तीन इंचाची असताना, बोटानं, सकाळचं दव उतरल्यावर. पहिल्या फुलाच्या घोसाच्या खालची सगळी फूट काढा, वर दोन ते तीन फांद्या राखा, बुटक्या वाणात फार छाटाछाट नको, फळं उघडी पडून उन्हानं चट्टे पडतात. जमिनीला टेकणारी खालची पानं टप्प्याटप्प्यानं काढत फूटभर भाग मोकळा करा, पावसाच्या थेंबांबरोबर मातीतला करपा तिथूनच वर चढतो. पान ओलं असताना प्लॉटात हात घालायचा नाही, मग कितीही घाई असो, जिवाणूचे ठिपके ओल्या हातांनीच ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. आणि तंबाखू मळून तोच हात टोमॅटोला लावायचा नाही. हे मी भांडून सांगतो आणि लोक हसतात, पण मोझॅकचा व्हायरस तंबाखूतून हाताला आणि हातातून फुटीच्या जखमेला लागतो. साबणाची वडी आणि पाण्याची बादली बांधावर ठेवा, एवढा खर्च कुणालाही परवडतो. २०२० च्या उन्हाळ्यात तिरंगा म्हणून जे फळ पट्ट्यापट्ट्यानं पिवळं-हिरवं राहून प्लॉटच्या प्लॉट सोडून द्यावे लागले ते ज्यांनी बघितलं त्यांना व्हायरसचं वेगळं सांगायला नको. चुरडा-मुरडा (पानं आकसून वाकडी होणारा व्हायरस) झालेलं झाड पहिल्या महिन्यात दिसलं तर बांधत बसू नका, उपटा आणि पिशवीत घालून बाहेर न्या.

एवढं करून ओळ झोपलीच तर? त्याच दिवशी भिजल्या रानात उचलायला जाऊ नका, खोडं काडीसारखी मोडतात आणि पायानं माती अजून दबते. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं की आधी जमिनीला टेकलेली आणि पिकायला आलेली फळं तोडून भार कमी करा. मग टोकाचा डांब नवीन जागी रोवून ताण द्या, आणि चार-पाच माणसं ओळीत थोड्या थोड्या अंतरावर उभी राहून सगळ्यांनी मिळून एकदम पण हळू उचला, मागून एकानं बांबूचे आडवे टेकू लावत यायचं. एका टोकाकडून एकट्यानं उचललं की मधली झाडं बुडातून सुटतात. उचलल्यावर करप्यासाठी काय फवारायचं ते तुमच्या प्लॉटची पानं घेऊन नारायणगावच्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून ठरवा, दुकानदाराच्या शेल्फकडं बघून नको, आणि तोडा चालू असताना औषधाचा काढणीपूर्व काळ (फवारल्यावर तोडणीआधी थांबायचे दिवस) लेबलवर वाचल्याशिवाय पंप भरू नका.

खर्चाचा विषय निघाला की काहीजण २०२३ चा जुलै काढतात, नारायणगावला २० किलोच्या कॅरेटला दोन हजाराच्या वर भाव गेला होता, तेव्हा कुणीही तार-काठीला पैसे घातले असते. त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत भाव असा पडला की तोडणी-वाहतूक निघेना. भाव आपल्या हातात नाही, म्हणून काठी-तार एका हंगामाचा खर्च समजून हिशोब करू नका, बांबूचे तीन-चार हंगाम आणि अँगल-तारेचे त्याहून जास्त धरून एका हंगामावर किती पडतो ते काढा, मग तो आकडा एवढा अंगावर येत नाही. दोघा भावकीत मिळून अँगल घेतले तरी चालतं, फक्त दोघांच्या लागणी एकाच हंगामात नकोत.

शेवटचा तोडा झाला की वेल सुकेपर्यंत वाट बघू नका, हिरवट असतानाच सुतळी कापून वेल खाली पाडा, वाळलेला वेल तारेला असा गुंडाळतो की सोडवायला दुप्पट रोज लागतात. तार जुन्या टायरवर किंवा लाकडी रिळावर गुंडाळा, हातावर वेटोळं केलं की पुढच्या वर्षी गुंता सुटत नाही. काठ्या उभ्या न ठेवता जमिनीपासून वर दोन आडव्या दगडांवर आडव्या रचा, वर पत्रा टाका, आणि वाळवीसाठी महिन्यातून एकदा खालून नजर मारत जा.