तिघींनी मिळून स्विंगच्या ढंगातली क्लोज हार्मनी कशी गावी

लंडनमध्ये २००४ साली मार्सेला पपिनीने दोन मैत्रिणींना घेऊन ‘पपिनी सिस्टर्स’ हा गाणाऱ्या तिघींचा गट काढला. या काही सख्ख्या बहिणी नव्हेत. नाव आणि थाट दोन्ही १९४०च्या आसपासच्या बहिणी-बहिणींच्या गटांवरून उचललेले. ब्रिटिश गायिका केट बुशचं ‘वदरिंग हाइट्स’ त्यांनी त्या जुन्या ढंगात, म्हणजे स्विंगच्या (त्या काळच्या नाचाच्या अमेरिकन जॅझच्या) झोकात आणि हार्मनीत (एकाच वेळी वेगवेगळे स्वर लावून) गायलं आणि जगभरच्या हौशी त्रिकुटांना चेव आला. आम्हालाही आला. आम्ही तिघींनी आधी लाल लिपस्टिक आणि ठिपक्यांचे फ्रॉक आणले, गाणं त्यानंतर. तुम्ही उलट करा.

आधी कान

अँड्र्यूज सिस्टर्सपासून सुरुवात करा. मिनेसोटाच्या या तिघी बहिणी १९३७ साली एका यिडिश गाण्यावरून केलेल्या ‘बाय मिर बिस्ट डू शेन’मुळे प्रसिद्ध झाल्या. पॅटी मधल्या आवाजात मुख्य चाल गाते, मॅक्सीन तिच्या वर, लाव्हर्न खाली. गाणं तीनदा ऐका आणि दर वेळी एकच आवाज धरा. लाव्हर्नचा आवाज हाती लागायला सर्वांत जास्त वेळ लागतो. तो लागला की निम्मं काम झालं. न्यू ऑर्लिन्सच्या बॉसवेल सिस्टर्स त्यांच्याही आधीच्या आणि माझ्या मते जास्त अवघड. ऐन गाण्यात त्या लय बदलतात, पट्टीही बदलतात. त्यांना सहा महिन्यांनी हात घाला.

वाटणी

चाल मधलीने गायची. वाटणी करताना कोण चांगलं गातं हे पाहू नका, कुणाचा गळा कुठे पोचतो ते पाहा. खाली अशी व्यक्ती हवी जी मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, आरामात उतरते आणि आपल्या वाट्याला चाल आली नाही म्हणून रुसत नाही.

स्वर जुळवणं

इथे घाई नको. क्लोज म्हणजे तिन्ही स्वर एका सप्तकाच्या आत, अगदी खांद्याला खांदा लावून. स्विंगवाल्यांचा लाडका मेळ (एकत्र लागणाऱ्या स्वरांचा गट, इंग्रजीत कॉर्ड) सा ग प ध. त्यातला ध काढला तर गाणं प्रार्थनेसारखं वाटतं, घातला की त्यात नाच येतो. चालीचा स्वर या चौघांपैकी असेल, तर वरचीने त्याच मेळातला लगेच वरचा स्वर घ्यायचा, खालचीने लगेच खालचा. चालीत रे, म किंवा नि आला तर मेळ बदलायचा: नि रे म आणि कोमल ध. नियम तोच.

काळी पाचमध्ये (पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून) ‘ग रे सा’ एवढीच चाल घेऊन बघा:

वरची: प म ग
मधली: ग रे सा
खालची: सा नि ध (नि आणि ध मंद्रातले)

साथीशिवाय गायलात तर शेवटचा ‘ध सा ग’ जरा उदास वाटेल. आता कुणाला तरी गिटारवर किंवा कीबोर्डवर खाली खर्जाचा सा वाजवायला सांगा. तुमचे स्वर तेच राहतात, पण उदासी जाते आणि नेमका तो जुन्या रेकॉर्डमधला रंग उजळतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आम्ही गाणं सोडून हसतच बसलो.

पहिला मेळ, सा ग प, तानपुऱ्यावर लांब धरून बसवा, पेटीवर नको. पेटीचा ग तानपुऱ्याच्या खर्जात आपोआप ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). गांधार धरणारीने किंचित खाली टेकायचं. मेळ जुळला की एक बारीक गुणगुण थांबते, ते कानाला लगेच कळतं.

ख्याल किंवा भावगीत शिकलेल्यांची अडचण वेगळी. मींड, आंदोलन, खटका हे सगळं इथे चप्पलांबरोबर दाराबाहेर. एकीने जरी स्वर हलवला तरी मेळ ढवळून निघतो. मांडो (गोव्यातली कोकणी गाणी) ऐकत वाढलेल्या गोवेकरांना हे सांगावं लागत नाही. दुसरा आवाज चालीच्या जोडीने तिसऱ्या स्वरावर चालणं त्यांच्या कानात लहानपणापासून मुरलेलं असतं. मुंबईच्या ताज हॉटेलात जॅझ ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट गोव्याचेच होते.

लय

प्रत्येक मात्रेचे तीन भाग करा. पहिलं अक्षर दोन भाग टिकतं, दुसरं एकच: ‘दाऽबा दाऽबा’. चार मात्रांपैकी टाळी २ आणि ४ वर. आपला हात सवयीने १ वर जातो, म्हणून आठवडाभर पोळ्या लाटतानाही २ आणि ४ मोजा. लय वाढली की ही दोन अक्षरं जवळजवळ समान लांबीची होतात. तेव्हा उगाच झोके देऊ नका.

शब्द

स्वर जुळूनही आवाज फाटका वाटला तर एकमेकींची तोंडं बघा. एकीचा ‘आ’ उभा, दुसरीचा आडवा असतो. ओळीच्या शेवटचा ‘स’ एकीनेच म्हणायचा, नाहीतर तीन फुग्यांची हवा गेल्यासारखं होतं. फोन मध्ये ठेवा, भोवती अर्धवर्तुळात उभ्या राहा आणि रेकॉर्ड करा. ऐकताना एखादीचा आवाज ओळखू आला तर तिने अर्धं पाऊल मागे सरकायचं. मोठ्याने गाऊन काही दुरुस्त होत नाही.

ओळ पक्की झाली की जागा बदला, म्हणजे प्रत्येकीला तिन्ही आवाज गाता येतील. आम्ही अजून इथेच अडकलोय. खालचा आवाज माझ्याकडे आला की सा, नि ठीक जातात. ध वर पोचायच्या आत शेजारचा सा मला ओढून नेतो.