फिशटँकच्या पंपाचा प्रवाह कसा वाढवावा

पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी उंच चढवावे न लागता मोजलेला असतो, त्यामुळे नवा पंप घेण्याआधी टाकीत पाणी परत सोडणाऱ्या नळीखाली 10 लिटरची बादली धरावी. ती 60 सेकंदांत भरली, तर प्रवाह ताशी 600 लिटर आहे. मग प्लग काढून जाळी आणि आतला पंखा जुन्या टूथब्रशने घासावा, कारण बहुतेक वेळा दोष तिथल्या बुळबुळीत थरातच सापडतो. नळी आखूड ठेवावी आणि पंपाला चालत असल्यास 20 ऐवजी 25 मिलिमीटर आतल्या व्यासाची घ्यावी, म्हणजे पाण्याला दीडपटीहून अधिक वाट मिळते. नळी वळवायला काटकोनी एल्बोऐवजी (वळणाच्या जोडाऐवजी) 45 अंशांचे दोन बसवावेत. व्हॉल्व्ह मात्र पाणी बाहेर पडणाऱ्या बाजूलाच असावा. ओढणारी बाजू आवळली, तर पंप खडखडू लागतो.